पर्समधला कांदा

मी बसमध्ये मरायला लागले, तेव्हा आमच्या घरच्यांनी सर्वांत आधी माझ्या पर्समध्ये एक कांदा ठेवला.

आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर निघताना खिशात कांदा ठेवतात, लू लागू नये म्हणून. उन्हाची झळ म्हणे तो कांदा स्वतःवर घेतो. आता एप्रिल महिना, सकाळी दहालाच डांबर वितळायला लागलेलं, सेलूहून वर्ध्याला जाणारी खचाखच भरलेली एसटी आणि पवनारच्या पुलावर माझ्या छातीत अचानक हातोडे पडायला लागले. हात बधिर, श्वास अर्ध्यावर, डोळ्यांसमोर काळोख. मला वाटलं, संपलं. मी ओरडून बस थांबवली आणि पुलापलीकडे उतरून रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसले. कुणीतरी घरी निरोप दिला, घरचे येऊन मला घेऊन गेले. आईनं निदान करायला नाडीसुद्धा पाहिली नाही.

"लू लागली पोरीले," ती म्हणाली, आणि कांदा आणायला आत गेली.

पुढे ईसीजी झाला. डॉक्टर म्हणाले, "हार्ट एकदम ओके आहे. टेन्शन आहे, घेऊ नका." जणू काही ते मी दर मंगळवारच्या बाजारातून पावशेर तोलून आणत होते! काकूनं दृष्ट काढली. मिरच्या जळल्या, ठसका सगळ्या घराला लागला, माझी बस मात्र तिथेच. पवनारचा पूल दिसला की हातोडे सुरू. मी उतरायची, उलट्या दिशेची गाडी पकडून घरी यायची. अप-डाऊन करणारी आमची शिक्षक-कारकुनांची टोळी रोज रुमाल टाकून माझी जागा धरायची आणि रोज त्या जागेवर पवनारनंतर दुसरंच कुणीतरी बसायचं.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका शाळेत गणिताची शिक्षणसेवक होते. म्हणजे काम शिक्षकाचं आणि मानधन सेवकाचं. तरी ती नोकरी म्हणजे माझा जीव होता. कारण ती गेली तर काय, हे बाबांनी ठरवून ठेवलेलं. आमचं सेलूत कापडाचं दुकान. बाबा म्हणाले, "नाई जमत तं राहू दे. दुकानात बस, ब्लाउजपीस मोज. नाईतं दोनाचे चार हात करून टाकू." माझ्या बीएस्सी-बीएडची किंमत ब्लाउजपीसएवढी निघाल्यावर मला रडू नाही आलं, संताप आला. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांनी वाचवलं, नंतर बिनपगारी रजा झाली, आणि शेवटी हेडमास्तरांचा निरोप आला: दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की पहिल्या दिवशी हजर व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा. स्कूटीनं जा, असं सुचवणारे शहाणे पुष्कळ होते. पवनारचा पूल स्कूटीलाही लागतो, हे त्यांना कोण सांगणार.

पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेल्या मावसभावानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे पॅनिक आहे. याला एक थेरपी असते, सीबीटी. विचार बदलायचे, वागणं बदलायचं. तू एखाद्या थेरपिस्टकडे जा."

"कुठं आहे?"

"वर्ध्यात असेल ना कुणीतरी."

वर्ध्यात होते. बसची भीती घालवायला मी आधी बसनं वर्ध्याला जायचं होतं. असलं डोकं चालवणाऱ्यांनाच कंपन्या नोकऱ्या देतात. मी फोन आपटणार एवढ्यात तो म्हणाला, "मग ऑनलाइन बघू. व्हिडिओवर बोलतात आता. मी शोधून देतो, फी माझ्या कार्डावरून भरतो."

सेलूत तेव्हा एकच सायबर कॅफे होता. आधी तो एसटीडी बूथ होता. मोबाईल आले, बूथ बसला, तेव्हा मालकानं काचेची ती एसटीडी कॅबिन तशीच ठेवून तिच्यात एक कॉम्प्युटर आणि कॅमेरा कोंबला, आणि तिला नाव दिलं 'फॅमिली केबिन'. काचेतून सगळ्या बाजारपेठेला आतलं दिसायचं, ऐकू मात्र काही यायचं नाही. मन मोकळं करायला याहून उत्तम जागा दुसरी कोणती असणार! वर लोडशेडिंग. आमच्या भागाचे वीज जाण्याचे तास ठरलेले, त्यामुळे माझं दुःख वीज मंडळाच्या वेळापत्रकाप्रमाणे मांडावं लागायचं.

पहिल्या दिवशी मी एकटीच निघाले होते. आईनं चप्पल घातली, काकूनंही घातली.

"तुम्ही कुठं?"

"वा वं! अनोळखी मानसाशी बोलणार, अन् घरचं कोनी नको?" आई म्हणाली. "पाहून तं घेऊ कसे आहेत ते."

आमच्या घरात कुठलीही परकी व्यक्ती स्थळासारखीच पाहिली जाते. गवळी बदलला तरी त्याचं गाव, घराणं, भाऊ किती, सगळं विचारून होतं. तेव्हा माझ्या डोक्यात हात घालणारी व्यक्ती अशीच कशी ठरणार? फॅमिली केबिन नावाला जागली. मी खुर्चीवर, दोन्ही बाजूंना स्टुलांवर आई आणि काकू, पदर डोक्यावरून नीट घेऊन.

पहिली थेरपिस्ट मुंबईची मॅडम होती. इंग्रजीत बोलायची, फार मऊ बोलायची. माझं इंग्रजी गणितापुरतं चांगलं. पण जीव खालीवर होतो, घालमेल होते, पोटात गोळा येतो, हे इंग्रजीत न्यायला गेले की वाटेतच सांडायचं. हातात उरायचं 'आय ॲम नॉट फीलिंग वेल', जे आम्ही पोट बिघडलं तरी रजेच्या अर्जात लिहितो. मॅडमनी विचारलं, भीतीला शंभरपैकी किती गुण द्याल? मी म्हटलं, पंच्याऐंशी. आईनं कानात विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं.

"पंच्याऐंशी?" आईचा चेहरा उजळला. "डिस्टिंक्शन आहे ना मंग!"

दुसऱ्या भेटीत मला खरंच रडू फुटलं, मॅडम हळूच म्हणाली, "टेक युवर टाइम," आणि वीज गेली. अंधाऱ्या काचेच्या डब्यात मी, आई आणि काकू. बाहेर रताळी विकणारी बाई आत डोकावून पाहत होती. तिसऱ्या भेटीला मी गेले नाही.

दुसरे दिल्लीकडचे सर होते, हिंदीवाले. आवाज असा की काकू म्हणाली, "हे तं टीव्हीवर पायजेत." सर म्हणाले, "आँखें बंद कीजिए. सोचिए, आप समुद्र के किनारे हैं." मी डोळे मिटले. समुद्र मी आजतागायत पाहिलेला नव्हता. शोधून शोधून बोर धरण सापडलं, तिथे शाळेची सहल गेली होती आणि एक मुलगी गाळात कमरेपर्यंत रुतली होती. धडधड वाढली. सरांनी विचारलं, "अब कैसा लग रहा है?" मी म्हटलं, "सर, लड़की अभी निकली नहीं." त्यांनी बराच वेळ काही लिहून घेतलं. इकडे बाजारात बातमी पसरली की कापडवाल्यांची पोरगी काचेआड दाढीवाला पोरगा पाहून राह्यली, आई-काकूला पसंत दिसतो. सरांना सोडायला हे एवढं कारण पुरलं.

तिसरी पुण्याची. चला, मराठी तरी, असं मला वाटलं. मी तोंड उघडलं आणि जे घरात बोलते तेच बोलले, की मले असं वाटते का मी आता मरून राह्यली. ती बाई गालात हसली. "किती गोड आहे हो तुमची बोली!" म्हणे. मी सांगितलं, हातपाय गार पडतात, कोणालेच काही सांगता येत नाही. तिला तेही गोड वाटलं. अवं बाई, मी मरत होते इकडे! त्या भेटीत मी जितकी गोड झाले तितकी माझ्या उभ्या आयुष्यात कधी झाले नाही. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसलं. आता दिवाळी जवळ आलेली. मावसभावाचा फोन आला तेव्हा मी त्याला सांगून टाकलं, "राहू दे. मी ब्लाउजपीस मोजते."

तो म्हणाला, "अजून एक पाहू. शेवटची."

ही चौथी बंगलोरला राहायची. बॉबकट, चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट. झालं, मी मनात म्हटलं, पुन्हा टेक युवर टाइम. पण माझ्या आधी आईच कॅमेऱ्यापुढे वाकली आणि ठेवणीतला प्रश्न टाकला, "मॅडम, तुमचं गाव कोणतं जी?"

"रोहणा. आर्वीजवळचं."

आई स्टुलावरून पडायची राहिली. तिची सख्खी आत्या रोहण्याला दिलेली. पुढची दहा मिनिटं माझ्या फीच्या वेळात कोणती गल्ली, कोणता पार, विहिरीजवळचे की शाळेमागचे, हे निघालं. शेवटी बाई म्हणाली, "काकू, आता तुमी दोघी बाहेर बसा. मले हिच्याशी बोलायचं आहे."

आमच्या आईला उठ म्हणणारं माणूस सेलूत तरी नाही. पण रोहण्याची म्हटल्यावर ती उठली. मागून काकूही उठली.

मी बोलायला लागले आणि रडायला लागले. बाई थांबली. तिनं बोलीचं कौतुक केलं नाही, समुद्रही काढला नाही. मी नाक पुसल्यावर म्हणाली, "रडणं झालं? आता पाह्य. तुया छातीत जे वाजते ते घंटी आहे. आग लागली की घंटी वाजते. पण तुयी घंटी बिघडली, आग नसतानाच वाजते. तू दरवेळी पवनारले उतरते, म्हणून तिले वाटते, बरं झालं मी वाजली, नाईतं मेली असती हे. तुले एकदा तिले वाजू द्यायचं आहे, अन् उतरायचं नाई."

"अन् मेली तं?"

"आतापर्यंत किती खेपा मेली?"

मला राग आला. मग हसू आलं. सहा महिन्यांत माझ्या भीतीबद्दल कुणी माझ्याशी हिशेबानं बोललं नव्हतं, आणि मी गणिताची बाई होते.

इथवर सगळं ठीक होतं. पण आमच्याकडे नुसत्या पसंतीवर काही ठरत नाही, चौकशी लागते. बाबांचे आर्वीला एक कापडाचे व्यापारी स्नेही. बाबांनी मला न सांगता त्यांना फोन केला, की रोहण्याचं अमुक घर कसं आहे जरा पाहून सांगा. स्नेह्यांनी माणूस पाठवला. माणसानं पारावर बसून विचारणा केली. सेलूचे कापडवाले, मुलगी शिकलेली, नोकरीवाली, तुमच्या घराची चौकशी करून राह्यले. आता अशी चौकशी कशासाठी करतात, हे रोहण्यात शेंबड्या पोरालाही कळतं.

पुढच्या भेटीत बाई पडद्यावर आली तीच तोंड दाबून. "काल मायचा फोन आल्ता," ती म्हणाली. "म्हणे, तुया भावासाठी सेलूचं स्थळ आलं. पोरगी चांगली आहे, फक्त बसमध्ये बसत नाई म्हणते."

मी हातांनी तोंड झाकून घेतलं. धरणी दुभंगावी असं लोक म्हणतात, मला तर ती कॅबिनच दुभंगायला हवी होती. बाई पोटभर हसली, मग गंभीर झाली. "हे पाह्य, माह्याकडून एकच काम होईल. सोयरीक, नाईतं ट्रीटमेंट. दोन्ही जमत नाई."

"ट्रीटमेंट," मी म्हटलं, इतक्या जोरात की काचेबाहेर काकूनं वळून पाहिलं. तिथून मला ही बाई मानवली. ती गोड नव्हती, आणि मला आता गोडाचा कंटाळा आला होता.

कामं ती फार बिनडोक वाटणारी द्यायची. आधी नुसतं स्टँडवर जाऊन बसायचं. मग उभ्या बसमध्ये चढून बसायचं आणि सुटायच्या आत उतरायचं. कंडक्टर वैतागला. "मॅडम, येता का जाता? एक काय ते ठरवा ना जी." मग आईला घेऊन पवनारपर्यंत. मग पुलाच्या पलीकडे. घंटी वाजायची, मी सीटचा दांडा धरून बसायची, आई माझा हात धरून बसायची आणि मोठ्यानं रामरक्षा म्हणायची. शेवटी एकदा एकटीनं वर्ध्याचं स्टँड गाठलं आणि तसंच परत आले. मी विजयी मुद्रेनं बाईला सांगितलं.

ती म्हणाली, "छान. पर्समध्ये काय काय होतं?"

"रुमाल. पाण्याची बाटली. पैसे." मी थांबले. "कांदा."

"कांदा काऊन?"

"आई ठेवते. लूसाठी."

"दिवाळी आली. लू कुठं आहे?"

खरं सांगायचं तर एप्रिलपासून तो कांदा पर्समध्येच होता. एक सुकला की आई दुसरा ठेवायची. माझ्या पर्सचा, रुमालाचा, नोटांचा, सगळ्यांचा वास भेळेच्या गाडीसारखा झाला होता. पूल आला की मी पर्सवरून हात फिरवून तो गोल आहे ना, एवढं पाहायची. नसला तर मी मरणार, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी पक्कं ठाऊक होतं.

"शाळेच्या पहिल्या दिवशी एकटी जाजो," बाई म्हणाली. "अन् कांदा घरी."

काचेबाहेर आईनं माझा चेहरा पाहिला आणि ती आत घुसली. मी तिला कांद्याचं सांगितलं. मग पडद्याच्या आरपार जुंपली.

"कांद्यानं काय बिघडते जी?"

"काहीच नाई बिघडत, काकू. म्हणूनच."

"तुमच्या रोहण्यात नाई ठेवत का?"

"ठेवते. मे महिन्यात."

"असला तं असला! पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

"काकू," बाई जरा हळू आवाजात म्हणाली, "तो कांदा आहे तोवर तिले वाटणार, कांद्यानं वाचली. स्वतः वाचली असं कधी वाटणारच नाई."

रोहण्याची असून असं, एवढंच ती घरी येईस्तोवर पुटपुटत होती.

दिवाळी संपली. पहिल्या दिवशी सकाळी मी स्टँडवर उभी, टोळीनं रुमाल टाकून माझी जागा धरलेली. आई बरोबर आली होती. बस लागली, मी पर्स उघडली, कांदा काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं घेतला. तिचा चेहरा मला पाहवेना, मी चढले.

पवनार आलं. घंटी वाजली, आणि काय वाजली! हात आपोआप पर्सवर गेला. पर्स सपाट. दरदरून घाम फुटला, जीभ कोरडी, पूल संपता संपेना. ड्रायव्हरला ओरडून थांबवावं म्हणून मी अर्धी उठलेही. शेजारच्या चित्रकलेच्या बाई माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होत्या, त्या कलंडल्या, म्हणून मला पुन्हा बसावं लागलं. माझ्या धैर्याचं श्रेय कुणाला द्यायचं असेल तर आधी त्यांच्या झोपेला द्या. बसल्या बसल्या मी ते वाजू दिलं. मी मरते का, याची वाट पाहिली. पूल मागे गेला. वाजता वाजता ते दमलं. वर्ध्याचं स्टँड आलं तेव्हा मला नुसती भूक लागली होती.

हेडमास्तरांनी वर न पाहता विचारलं, "आल्या का?" मी म्हटलं, "आले." दहावी अ ला वर्गसमीकरणं शिकवली. खडू हातात धरल्यावर इतका आनंद झाला की एका पोराचं चुकलेलं उत्तर मी बरोबर दिलं.

संध्याकाळी सेलूला उतरले. स्टँडच्या बाकावर आई बसली होती. सकाळचंच लुगडं, सकाळचीच जागा. मला वाटलं, घ्यायला आली. मी जवळ गेले तर फुटाणे विकणारी बाई म्हणाली, "सकाळपासून हलली नाई व तुयी माय. पाण्याचा घोट नाई घेतला."

"आई? काऊन वं?"

तिनं मूठ उघडली. आत कांदा होता. दिवसभर धरून धरून वरची साल निघून हाताला चिकटली होती.

"त्या मॅडम म्हणे पोरीजवळ नको," आई म्हणाली. "मंग मीनं धरला."

"अवं, मी कांद्याशिवाय जाऊन आली ना! हेच तं दाखवायचं होतं!"

"कांद्याशिवाय कशी? हा काय मंग? झालं का काही तुले?"

"नाई."

"मंग?"

एवढ्या लांबच्या बाईचं एवढं शास्त्र, माझी सहा महिन्यांची मेहनत, आणि सगळं त्या एका 'मंग'पाशी येऊन अडलं. मी भर स्टँडवर तिला मिठी मारली. ती अंग चोरत म्हणाली, "सोड वं, लोक पाहून राह्यले." बोलता बोलता तिची बोटं मुठीतला कांदा चाचपत होती. हे चाचपणं माझ्या ओळखीचं होतं. आमच्या घरात बिघडलेली घंटी एकच नव्हती, दोन होत्या, आणि दुसरीकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी बाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्याचं काम तुले नाई. तुया मायले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पर्स घेऊन निघाले. आई दारापर्यंत आली आणि उंबरठ्यावर थांबली. दोन्ही हात रिकामे. कुठे ठेवावेत हे न कळून तिनं ते पदरात गुंडाळले.

"आई, शंभरपैकी किती?" मी विचारलं.

तिनं डोळे मिटून विचार केला, अगदी प्रामाणिकपणे.

"पंच्याण्णव," ती म्हणाली. "जा आता. बस चुकन."